शकूताईंच्या संगणकाची प्राणप्रतिष्ठा

शनिवारी सकाळी नऊ वाजता सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर ‘सुजोड वधूवर सूचक केंद्र’, आणि रांग थेट खालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आलेली. रांगेत उपवर मुलामुलींचे आईबाप. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये पत्रिका आणि चेहऱ्यावर दर्शनाला आल्याचा भाव. दर्शन कोणाचं, तर एका संगणकाचं.

“आमच्या मेव्हणीने स्वतः पाहिलंय,” एक काका मागच्याला सांगत होते. “मेलेला संगणक. महाराजांनी वर उपरणं घातलं, मंत्र म्हटला, आत हात घातले. दोन मिनिटांत जिवंत!”

“प्लग निघाला असेल,” मागचा म्हणाला.

“प्लग लावलेला होता. पडद्यावर अक्षरंसुद्धा येत होती. फक्त प्राण नव्हता.”

मागच्याने मान डोलावली. सगळं जागच्या जागी दिसतं पण प्राण नाही, हे त्याला लगेच पटलं. त्याची सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी झाली होती.

दाराशी, चपलांच्या रॅकला लागून ठेवलेल्या स्टुलावर रतन बसली होती आणि येणाऱ्याला टोकन देत होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती आत, त्याच संगणकासमोरच्या खुर्चीत बसायची. मग असं ठरलं की संगणक मरतो तो रतनमुळे. रतनचं वय अडतीस, राहायला बिबवेवाडीत, मुलगी सृष्टी आठवीत. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि संगणक मरण्यासाठी तेवढं कारण पुरेसं होतं.

आता हे ठरवलं कोणी, ते सांगितलं पाहिजे.

केंद्राच्या मालकीण शकूताई. वय त्रेसष्ट, जिभेला धार, आणि विश्वास फक्त पाट्यांवर. दारावर पाटी : ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ टेबलावर पाटी : ‘मुलाचा पगार खरा सांगावा. आम्ही चौकशी करतोच.’ आणि स्विचबोर्डाशेजारी : ‘जाताना सर्व यंत्रे बंद करावीत. वीज मंडळ आपले व्याही नाही.’

गेल्या वर्षी त्यांचा पुतण्या पुष्कर याने केंद्रात एक जुना संगणक आणून बसवला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण ते फुकट होतं आणि शकूताईंना फुकट हा शब्द पुष्करइतकाच लाडका. पत्रिका जुळवण्याचा एक प्रोग्रॅम घातला. तो जावा नावाच्या संगणकी भाषेवर चालायचा. रोज सकाळी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ‘गुण’ असं लिहून एंटर मारलं की प्रोग्रॅम उघडे, दोन पत्रिका भरल्या की छत्तीसपैकी किती गुण जुळले ते सांगे. दोन अनोळखी माणसांचा संसार छत्तीसच्या परीक्षेवर कसा ठरतो, हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच्याकडे वळलो तर आजची गोष्ट पुरी व्हायची नाही.

पुष्करने स्विचबोर्डाशेजारची पाटी आयुष्यात वाचली नाही. संगणक आठ महिने रात्रंदिवस चालू राहिला, ती काळी खिडकीही आठ महिने उघडी राहिली. जानेवारीत तो जर्मनीला गेला. फेब्रुवारीत त्याच्या जागी रतन आली. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात दहा वर्षं काउंटर सांभाळलेली, संगणकाचा कोर्स केलेली, आणि सांगितलेलं ऐकणारी. पहिल्याच संध्याकाळी तिने पाटी वाचली आणि संगणक बंद करून घरी गेली.

दुसऱ्या सकाळी तिने काळी खिडकी उघडली, ‘गुण’ लिहिलं, एंटर मारलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, JAVA_HOME is not set. पुढे काही नाही.

पुष्करला फोन लावले, तर त्याच्याकडे नेहमी मीटिंग चालू असायची. गल्लीतला दुरुस्तीवाला आला, पडद्याकडे पाहून म्हणाला, “हे लिनक्स आहे. सगळं पुसून विंडोज टाकू.” दोन हजार स्थळांची माहिती पुसली जाणार म्हटल्यावर शकूताईंनी त्याला चहाही न देता जिना दाखवला. अर्थात चहा त्यांनी तसाही दिला नसता. मग कोणाच्या तरी नणंदेने सुचवलं, की यंत्रानंद महाराजांना बोलवा. म्हणे बेकरीची भट्टी आणि सोसायटीची लिफ्ट त्यांनी नुसत्या स्पर्शाने बरी केली होती.

महाराज आले. पन्नाशीचे, गुबगुबीत, रेशमी उपरणं, कपाळावर गंध, हातात फोन. संगणकासमोर बसून त्यांनी ‘गुण’ लिहायला लावलं, आलेली ओळ वाचली, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुना शेजारी भेटल्यासारखं हसू आलं. लगेच त्यांनी डोळे मिटले.

“प्राण गेलाय,” ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं तेच पुढे रोज होऊ लागलं, आणि शनिवारची ती गर्दी तेच बघायला जमली होती.

“यंत्र म्हणजे काय?” महाराजांनी गर्दीला विचारलं. आतली खोली, गॅलरी, दार सगळीकडे माणसं दाटलेली. “यंत्र म्हणजे पंचमहाभूतं! आतला सिलिकॉन ही पृथ्वी. पंखा हा वायू. करंट हे तेज. मधली पोकळी हे आकाश.”

“आणि जल?” एका चौकस आजोबांनी विचारलं.

महाराजांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “जल सूक्ष्मरूपात असतं. स्थूल जल ओतू नका, वॉरंटी जाते. तर, या यंत्राची स्पंदनं रात्रीतून निघून जातात. क्वांटम पातळीवर. शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळायला लागलंय, आपल्याकडे आधीपासून माहीत होतं.”

मग त्यांनी उपरणं सोडलं. ते पडदा आणि कीबोर्ड दोन्हींवर असं पांघरलं, की महाराजांचं डोकंही आत गेलं. आतून मंत्र येऊ लागला : “ॐ जावागृहाय नमः! ॐ मार्गाय नमः!” मंत्राच्या तालात आतून टकटक असा आवाज येत होता. तो स्पंदनांचा आवाज आहे, असं शकूताई भाविकांना हळूच सांगत होत्या. दोन मिनिटांनी उपरणं निघालं. पडदा स्वच्छ काळा. महाराजांनी ‘गुण’ लिहून एंटर मारलं आणि प्रोग्रॅम उघडला. गर्दीने टाळ्या वाजवल्या, दोघीतिघींनी संगणकाला नमस्कार केला. एकीने माउसला हळदकुंकू लावलं, त्यामुळे माउस पुढचा अर्धा तास नीट चालला नाही.

“महाराज,” शकूताईंनी हात जोडून विचारलं, “पुष्कर होता तेव्हा आठ महिने काही झालं नाही. आत्ताच का हो प्राण टिकत नाही?”

हा प्रश्न त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीही विचारला होता. महाराजांनी तेव्हा उलट विचारलं होतं, “तेव्हापासून इथे नवीन काय आलं?” खोलीत नवीन काय ते सगळ्यांना दिसत होतं. महाराजांनी रतनच्या गळ्याकडे पाहिलं, रिकाम्या कपाळाकडे पाहिलं, आणि पुढे बोलायची गरज त्यांना पडली नाही. शकूताईंनी स्वतःच वाक्य पूर्ण केलं. त्या दिवशी रतन खुर्चीतून स्टुलावर आली आणि संध्याकाळी संगणक बंद करण्याचं काम शकूताईंनी आपल्या पवित्र हातात घेतलं.

संगणक तरीही रोज सकाळी मेलेलाच सापडत होता.

“स्पर्श गेला, पण सावली आहे,” महाराज आता सगळ्यांसमोर म्हणाले. “शुभकार्याची ही जागा. इथे असा हात नको, अशी सावली नको. पुढच्या रविवारी तुमचा मेळावा आहे ना? तिथे दोषनिवारण करू. या बाईंनी सर्वांसमोर यंत्राला हात लावायचा. यंत्र उत्तर देणार नाही, ते सर्वांना मोठ्या पडद्यावर दिसेल. मग मी प्राण घालेन, बाई नारळ ठेवतील आणि या वास्तूतून कायमच्या जातील.”

शकूताईंनी दाराकडे न बघता मान हलवली. मग गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बरोबर आहे. अपशकुनी हात आहे तो. मीच चुकले ठेवून घेतलं ते.”

रतनच्या हातातली टोकनं खाली पडली. फेब्रुवारीत याच शकूताई तिला म्हणाल्या होत्या, “कुंकवाबिंकवाचं माझ्याकडे काही नाही हो रतनबाई, टायपिंग येतं ना, बास.” आता जिन्यात उभी असलेली शंभर माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यात सृष्टीच्या मैत्रिणीची आई होती. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. पण ‘ती ना, जिच्या हाताने संगणकसुद्धा मरतो’ हे एकदा कपाळी चिकटलं, की दुकानदार काउंटरवर उभी करणार नाहीत आणि डोहाळजेवणाला शेजारीण बोलावणार नाही. रतनला रडू आलं नाही. तिला सणसणीत राग आला.

राग आला की बहुतेक लोक भांडतात. रतनने आवक-जावकची वही काढली.

ही वही ठेवायची सवय तिला दुकानातली. कोण आलं, किती वाजता आलं, काय झालं, सगळं ती लिहायची. तिने मागची पानं उलटली. एका बुधवारी शकूताई चार वाजताच बहिणीकडे गेल्या होत्या आणि संगणक बंद करायला विसरल्या होत्या. गुरुवारी सकाळी तो आपोआप चालला होता, आणि महाराज येण्याआधीच त्यांच्या कृपेचा प्रसाद वाटला गेला होता. त्या बुधवारी रतन दिवसभर हजर होती. सावलीसकट.

‘म्हणजे सावली चालते,’ तिने मनात म्हटलं. ‘आता हात बघू.’

सोमवारी संध्याकाळी शकूताईंना रिक्षा आली होती. “ताई, तुम्ही निघा,” रतन म्हणाली, “कुलूप मी लावते.” त्या गेल्यावर ती संगणकासमोर बसली आणि दहाही बोटं कीबोर्डवर चांगली रगडून घेतली. पण संगणक बंद केला नाही. नुसता पडदा बंद केला, म्हणजे सकाळी पाहणाऱ्याला सगळं बंद दिसावं. मंगळवारी संगणक जिवंत होता. बुधवारी रतन रजा टाकून घरी बसली. शकूताईंनी संध्याकाळी पाटीप्रमाणे संगणक बंद केला. गुरुवारी सकाळी तो मेलेला होता.

तिने वहीत चार ओळी लिहिल्या. रतन हजर, संगणक बंद केला : मेला. रतन हजर, बंद केला नाही : जिवंत. रतनने हात लावला, बंद केला नाही : जिवंत. रतन रजेवर, बंद केला : मेला. तिने चारही ओळी परत वाचल्या. शकूताईंचं एक निरीक्षण खरं होतं, संगणक रतन आल्यापासूनच मरत होता. पण तो तिच्या नशिबामुळे मरत नव्हता. ती पाटी वाचून वागणारी पहिलीच व्यक्ती होती, म्हणून मरत होता.

मग महाराज उपरण्याखाली करतात काय? ते त्याच दुपारी कळलं. शकूताई जेवायला गेल्या होत्या, प्रोग्रॅम बंद होता, काळी खिडकी उघडी होती. धूळ पुसायला फडकं घेऊन रतन आत गेली, आणि फडक्याखाली वरच्या दिशेच्या बाणाची कळ दाबली गेली. खिडकीत आपोआप अक्षरं उमटली : मघाशी लिहिलेला ‘गुण’ शब्द. तिने मुद्दाम पुन्हा तीच कळ दाबली. ‘गुण’ गेलं आणि एक लांब ओळ आली. अजून दाबली, आणखी एक. महाराज पडदा पुसून जात होते, पण जे जे टाइप झालं ते संगणक मागे जपून ठेवत होता. रतनने त्या दोन्ही ओळी वहीत एकेक अक्षर, एकेक तिरकी रेघ बघून उतरवून घेतल्या :

export JAVA_HOME=/opt/jdk-17
export PATH=$JAVA_HOME/bin:$PATH

संध्याकाळी तिने आपल्या भाचीला, शेफालीला फोन केला. शेफाली खराडीला एका कंपनीत दिवसभर लिनक्ससमोरच बसते. ओळी ऐकून पलीकडून आधी नुसतं हसू आलं.

“मावशी, हा मंत्र आहे? सीरियसली? अगं, हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करणं आहे. फर्स्ट डेला शिकवतात आम्हाला.”

“मला कळेल असं सांग.”

“बरं. तुमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला, तर वॉचमनला सांगावं लागतं ना, की जावा नावाचा माणूस अमुक फ्लॅटमध्ये राहतो, आणि तिकडे जायचा रस्ता असा? पहिली ओळ म्हणजे पत्ता. दुसरी म्हणजे रस्ता. ती काळी खिडकी म्हणजे वॉचमन. खिडकी उघडी आहे तोवर त्याला आठवतं. बंद केलीस की ड्यूटी बदलली. नवीन वॉचमनला काहीच माहीत नसतं. जावा घरातच असतो, पण हा म्हणतो, असा कोणी राहत नाही.”

“मग रोज सांगायचं?”

“छे! खाली नावांच्या बोर्डवर लिहून टाकायचं. तशी एक फाइल असते, बॅश-आर-सी म्हणतात. प्रत्येक नवीन खिडकी उघडताना ती वाचते. या दोन ओळी त्यात लिही, विषय संपला. तुमच्या त्या पुष्करने नुसतं तोंडी सांगून ठेवलं होतं. आळशी माणूस.”

शनिवारी दुपारी शेफाली स्वतः केंद्रात आली. शकूताई मेळाव्याच्या हॉलवर खुर्च्या मोजून घ्यायला गेल्या होत्या. जिन्यात महाराजांचं पोस्टर पाहून ती थबकली. “अगं, हे तर महिपतीकाका! आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. प्रॅक्टिकलच्या आधी प्रत्येक मशीनवर ह्याच दोन ओळी टाइप करत फिरायचे. आम्ही त्यांना म्हणायचो, काका, फाइलमध्ये टाका ना एकदाच. तर म्हणायचे, मग मला कोण विचारेल?”

रतनच्या आता सगळं लक्षात आलं. ती गेल्यावरही पाटी तिथेच राहणार होती. पुढे जी बाई येईल ती पाटी वाचेल, संगणक बंद करेल, आणि महाराजांना रोज बोलावणं येईल. महाराजांनी पाटीला कधी नावं ठेवली नव्हती, ते उगीच नाही.

शेफालीने फाइल कुठे असते, कशी उघडायची, ओळ तात्पुरती कशी गाळायची, हे दाखवलं. पण टाइप रतननेच केलं. शेफालीला तिने कीबोर्डला हात लावू दिला नाही.

रविवारी मेळाव्याचा हॉल गच्च भरला. व्यासपीठावर संगणक, झेंडूच्या माळा, मागे मोठा पडदा. मधोमध कलश. महाराजांनी स्पंदनांवर वीस मिनिटं घेतली, मग म्हणाले, “आता प्रत्यक्ष प्रमाण. बाई, या. यंत्र सुरू करा. सर्वांनी पडद्याकडे पाहावं.”

रतन व्यासपीठावर गेली. तिने काळी खिडकी उघडली, ‘गुण’ लिहिलं आणि एंटर मारलं. मोठ्या पडद्यावर प्रोग्रॅम झकास उघडला. वराचं नाव, वधूचं नाव, जन्मवेळ भरा.

महाराजांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात वर गेले. “पाहिलंत! पाहिलंत संकल्पाची शक्ती! मी नुसता इथे उभा आहे तोवर दोष जळून गेला!”

टाळ्या सुरू झाल्या. लोकांना टाळ्या वाजवायला काहीतरी लागतंच.

“एक मिनिट,” रतनने माइक घेतला. तिचा आवाज काउंटरवरचा होता. “महाराज, दोष परत आणू का?”

“म्हणजे?”

तिने फाइल उघडली. पडद्यावर सगळ्यांना दोन ओळी दिसल्या. तिने प्रत्येक ओळीच्या आधी एकेक खूण टाकली, म्हणजे संगणकाने त्या ओळी गाळाव्यात, मग फाइल बंद केली, जुनी खिडकी मिटली, नवी उघडली. ‘गुण’, एंटर. JAVA_HOME is not set. संगणक मेला.

“आता महाराजांनी प्राण घालावा. फक्त उपरणं न घेता, म्हणजे आम्हालाही दर्शन होईल.”

“यंत्राची लाज असते,” महाराज म्हणाले. “ते उघड्यावर होत नाही.”

“बरं, मग मी घालते.” रतनने त्याच दोन ओळी हाताने टाइप केल्या, सगळ्यांना वाचता येतील इतक्या सावकाश. “पहिली ओळ म्हणजे जावा कुठे राहतो त्याचा पत्ता. दुसरी म्हणजे तिकडे जायचा रस्ता. महाराज जावागृहाय, मार्गाय म्हणतात ते हेच, आणि तो टकटक आवाज म्हणजे त्यांचं टायपिंग.” ‘गुण’, एंटर. संगणक जिवंत. तिने खिडकी बंद केली, नवी उघडली. मेला. पुन्हा दोन ओळी. जिवंत. तिसऱ्यांदा तिने पुढच्या रांगेतल्या त्याच चौकस आजोबांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा लावून, एका बोटाने, दोनदा चुकत त्या ओळी टाइप केल्या आणि संगणकाने त्यांनाही तितक्याच आनंदाने उत्तर दिलं.

“माझं कसलंच अनुष्ठान झालेलं नाही,” आजोबा माइकमध्ये म्हणाले. “सकाळी फक्त बीपीची गोळी घेतली आहे.”

हॉल हसला. शेफाली मागून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “महिपतीकाका, ओळखलंत का? लॅब नंबर तीन!” कोणीतरी म्हणालं, अशांसाठी कायदा आहे आता राज्यात. कायदा हा शब्द ऐकताच महाराजांना साताऱ्याची गाडी आठवली. कलशावरचा नारळ तेवढा त्यांनी जाताना बरोबर घेतला.

शकूताई व्यासपीठाच्या कडेला खुर्चीत बसून होत्या. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मेला भामटा निघाला,” त्या रतनला म्हणाल्या. “बरं झालं तुमच्या लक्षात आलं. मी ती पाटी काढून टाकते, मग तर झालं? चला, फॉर्म वाटायला घ्या.”

“पाटी राहू द्या ताई. ओळी फाइलमध्ये आहेत, त्यांच्यापुढच्या खुणा मी काढते. आता रोज बंद केला तरी चालेल.” रतन जागची हलली नाही. “संगणकाचं झालं. माझं?”

“तुमचं काय? उद्यापासून बसा की खुर्चीत.”

“गेल्या शनिवारी शंभर माणसांसमोर तुम्ही म्हणालात, अपशकुनी हात आहे. तुम्हाला दिसत होतं ते खरं होतं. मी आले आणि संगणक बंद पडायला लागला. पण मी आल्यावर नक्की काय काय बदललं, हे तुम्ही बघितलं नाहीत. माझ्या कपाळाकडे बघितलंत आणि थांबलात. ते शब्द जेवढ्या मोठ्यांदा म्हणालात, तेवढ्याच मोठ्यांदा परत घ्या.”

माइक चालूच होता, त्यामुळे हे सगळ्या हॉलने ऐकलं. शकूताईंनी आयुष्यात छापलेली पाटी मागे घेतली नव्हती, आणि तोंडची माफी हा प्रकार त्यांच्या घरात कोणालाच येत नव्हता. त्या उठल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला.

“रतनबाईंचा हात अपशकुनी नाही,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत आला नाही. “कोणाचाच नसतो. मी ते बोलले, ते चुकीचं होतं आणि दुष्टपणाचं होतं. मला त्याची लाज वाटते. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मी रोज त्या संगणकाला हात लावते, मला कोणी काही म्हणत नाही, कारण केंद्र माझं आहे.”

आत्तापर्यंत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खुद्द शकूताईंच्याही नाही.

रतनने माइक परत घेतला. “मी काही भाषणवाली नाही,” ती म्हणाली. “एवढंच सांगते. घरात काही बिघडलं, कोणी आजारी पडलं, धंदा बसला, तर माणसाकडे बोट दाखवायच्या आधी एक वही घ्या. कधी होतं, कधी होत नाही, मध्ये काय बदलतं, ते लिहा. एकेक गोष्ट बदलून बघा. आणि जो पांघरुणाखाली उपाय करतो, त्याला म्हणा, पांघरूण काढून कर. खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही.”

ती वाकून फाइलमधल्या खुणा काढू लागली. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या. मुलासाठी स्थळ बघायला आल्या होत्या, अंगावर फिकट साडी, कपाळ मोकळं. शेवटच्या दोन रांगांत तशाच बायका बसल्या होत्या. कोणी त्यांना तिथे बसवलं नव्हतं. पुढे कलश होता, हळदकुंकवाचं ताट होतं, म्हणून त्या आपणहून मागे बसल्या होत्या. त्या बाईंनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, मधल्या वाटेने चालत आल्या आणि पहिल्या रांगेच्याही पुढे, कलशासमोर ती ठेवून बसल्या.

“सरका हो जरा,” मागून येणारी दुसरी म्हणाली. तिच्याही हातात खुर्ची होती.

पाच-दहा मिनिटं खुर्च्यांचाच आवाज चालला होता. शकूताई कोणाला कुठे बसायचं ते ओरडून सांगत होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं. मेळावा पुन्हा सुरू झाला, तेव्हा मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या.